टेबलाखालची आगगाडी

पुण्यात कोथरूडला भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभारलेले छोट्या आगगाड्यांचे संग्रहालय आहे. १९९८ साली ते लोकांसाठी खुले झाले. सुट्टीच्या दिवशी तिथे गेलात तर एक मौज पाहायला मिळते. नातवंडे गाडीकडे पाहत असतात आणि त्यांना घेऊन आलेले आजोबा नातवंडांपेक्षाही मोठे डोळे करून पाहत असतात. गाडी धावते, सिग्नल बदलतात, छोट्या गावातले दिवे लागतात. या सगळ्या कौतुकात एखादाच असा निघतो, जो जरा खाली वाकून विचारतो, "पण हे सगळं चालतं कशावर?"

मी त्या एखाद्यांपैकी. बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला काउंटरच्या पुढच्या बाजूपेक्षा मागची बाजू अधिक जवळची वाटते. पुढे हसतमुख कॅशियर, भिंतीवर कॅलेंडर, कोपऱ्यात शोभेचे झाड. पण शाखा चालते ती संध्याकाळी शटर अर्धे ओढल्यावर ताळा जुळतो की नाही, यावर. छोट्या आगगाडीचेही तसेच आहे. टेबलावर डोंगर, पूल, स्टेशन आणि चहाची टपरी. टेबलाखाली वायरींचे जंजाळ. वरचे दिसते, खालचे चालवते.

या विषयातले माझे शिक्षण झाले ते ठाण्यातल्या एका मित्राकडे. ते टेलिफोन खात्यात होते आणि त्यांचे खाते आमच्या शाखेत होते. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठे. पण मला कायम 'मॅनेजरसाहेब' म्हणत, मी साधा अधिकारी होतो तेव्हापासून. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात, आतल्या खोलीत, आठ बाय चार फुटांच्या प्लायवूडवर एक अख्खे जंक्शन वसलेले होते. गाड्या खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीपट लहान. दोन रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर. जगभर या मापाला 'एचओ' म्हणतात आणि या खेळातले सर्वांत लोकप्रिय माप हेच आहे. त्यांच्या मांडणीला आमच्या घरात सगळे 'काकांची गाडी' म्हणत. ते स्वतः मात्र 'लेआउट' म्हणत, आणि तेही असे की जणू धरणाचा आराखडा असावा.

खेळण्यात वीज आली

आमच्या लहानपणी खेळण्यातली गाडी किल्लीची असायची. किल्ली पिळली की पाच-सहा फेऱ्या, मग हळूहळू दम टाकत थांबायची. विजेची गाडी परदेशात मात्र फार आधी आली. अमेरिकेत जोशुआ लायोनेल कॉवेन यांनी १९०० साली न्यूयॉर्कमध्ये कंपनी काढली. त्यांनी पहिली विजेची गाडी बनवली ती मुलांसाठी नव्हेच. दुकानाच्या दर्शनी खिडकीत माल गोल फिरत ठेवला की गिऱ्हाईक थांबेल, एवढाच हेतू. गिऱ्हाईक थांबले खरे. पण मालाऐवजी गाडीच विकत मागू लागले!

इंग्लंडमध्ये मेकॅनोचे जनक फ्रँक हॉर्नबी यांनी १९२० साली किल्लीच्या गाड्या बाजारात आणल्या आणि १९२५ मध्ये विजेची. गंमत पाहा, त्याच १९२५ सालच्या ३ फेब्रुवारीला मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला अशी भारतातली पहिली विजेवरची खरी आगगाडी धावली, १५०० व्होल्टच्या डीसी विजेवर. म्हणजे खरी गाडी आणि खेळण्यातली गाडी, दोघीही जवळपास एकाच वेळी विजेच्या शाळेत जाऊ लागल्या.

त्या सुरुवातीच्या काळातले काही प्रकार ऐकले तर आजच्या आईबापांच्या अंगावर काटा येईल. घरातल्या दिव्यांची वीजच, मध्ये एक बल्ब जोडून, थेट रुळांकडे नेली जाई. बल्बमुळे प्रवाहाला अटकाव व्हायचा, पण धक्क्याचा धोका तसाच राहायचा. पुढे शहाणपण आले. भिंतीतली वीज ट्रान्सफॉर्मरमधून उतरवायची आणि रुळांत फक्त बारा व्होल्टच्या आसपास सोडायची, हा रिवाज पडला. कॅसेट प्लेअरला लावायचा एलिमिनेटर ज्यांनी वापरला आहे, त्यांना ही कल्पना लगेच समजेल. आत मोठी वीज, बाहेर छोटी. आत एसी, बाहेर डीसी. फरक एवढाच की, गाडीच्या कंट्रोलरला एक फिरवायचा खुंटा असतो. तो जसा फिरवाल तसे व्होल्ट वाढतात आणि गाडी वेग घेते.

दोन रूळ, एक हिशेब

मित्राने मला पहिला धडा दिला तो असा. "मॅनेजरसाहेब, बँकेत गेलेला रुपया कुठेतरी जमा दिसलाच पाहिजे ना? विजेचंही तेच. गेली तशी परत आली पाहिजे. परत यायला वाट नसेल, तर ती निघतच नाही."

एका रुळातून वीज जाते, चाकातून इंजिनाच्या मोटारीत शिरते आणि दुसऱ्या बाजूच्या चाकातून दुसऱ्या रुळावाटे परत येते. म्हणून दोन रूळ एकमेकांपासून तोडलेले हवेत, आणि दोन बाजूंची चाकेही. लोखंडी आसाने दोन्ही चाके थेट जोडली तर वीज मोटारीत न जाता आखूड रस्त्याने परत येईल. यालाच शॉर्ट सर्किट म्हणायचे. नावे आणि जमा यांची अदलाबदल केली, म्हणजे कोणत्या रुळातून जायचे आणि कोणत्यातून यायचे हे बदलले, की मोटार उलटी फिरते आणि गाडी मागे येते. आपल्या लोकललाही हाच नियम आहे. तिची वीज वरच्या तारेतून येते आणि रुळांवाटे परत जाते. वरची तार सगळ्यांना दिसते. परतीची वाट पायाखाली असल्यामुळे कोणाच्या ध्यानात येत नाही.

नवशिका काय करतो? कंट्रोलरच्या दोन वायरी रुळांना एका ठिकाणी जोडतो आणि खूश होतो. छोट्या वर्तुळात ते चालतेही. पण मांडणी मोठी झाली की गाडी जवळ असताना पळते आणि टेबलाच्या पलीकडच्या टोकाला गेली की म्हाताऱ्यासारखी चालते. मुलांना वाटते, इंजिन बिघडले. इंजिन ठणठणीत असते. वीज वाटेत दमलेली असते. रुळाचे तुकडे पत्र्याच्या चिमुकल्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. त्या पट्ट्या ढिल्या होतात, त्यांवर हवेने काट चढतो आणि प्रत्येक जोडावर थोडी थोडी वीज अडते. शिवाय हे रूळ बहुधा निकेल सिल्व्हरचे असतात. आपल्या आजीच्या फळीवर जर्मन सिल्व्हरची भांडी असत, तोच हा धातू. तांबे, निकेल आणि जस्त. नावात चांदी, अंगात रतीभर नाही! तो काटाला बरा टिकतो, पण वीज वाहण्यात तांब्याची बरोबरी करत नाही.

उपाय साधा, पण कष्टाचा. टेबलाखालून तांब्याच्या दोन जाड वायरी या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायच्या आणि दर तीन-चार फुटांवर त्यांतून बारीक वायर काढून रुळाला डाग द्यायचा. धरणाचा मुख्य कालवा आणि त्यातून शेताशेताला काढलेल्या चाऱ्या म्हणा. कालव्याच्या टोकाच्या शेतकऱ्याला पाणी मिळते का, यावर कालव्याची परीक्षा होते. इथेही तसेच.

सांधा, वळसा आणि भिशी

एका गाडीचे दोन गाड्या झाल्या की खरी कसोटी लागते. दोन्ही एकाच रुळावर उभ्या केल्या तर खुंटा फिरवताच दोन्ही एकदम निघतात. म्हणून रुळांना मुद्दाम बारीक फटी पाडून त्यांचे विभाग करतात. प्रत्येक विभागाला स्वतंत्र खटका. या विभागांना 'ब्लॉक' म्हणतात. आपल्याला मेगाब्लॉकमुळे या शब्दाची धास्तीच बसलेली आहे. पण खऱ्या रेल्वेतही ब्लॉक म्हणजे मुळात रुळाचा एक विभाग, ज्यात एका वेळी एकच गाडी सोडायची. टेबलावरही हेच. एक गाडी फलाटावर थांबवायची, तिच्या विभागाचा खटका बंद ठेवायचा आणि दुसरी पुढे काढायची.

मग येतो वळसा. रूळ पुढे नेऊन, गोल वळवून पुन्हा त्याच रुळाला आणून जोडला की गाडी तोंड फिरवून परत येते. दिसायला फार छान. पण नीट पाहा, गोल फिरून आलेला डावा रूळ येऊन मिळतो तो उजव्या रुळाला! नावे आणि जमा एकमेकांना भिडली, शॉर्ट सर्किट झाले. यावर तोडगा असा की, वळशाच्या दोन्ही तोंडांशी दोन्ही रुळांना फटी पाडायच्या आणि गाडी आत असताना वीज उलटवणारा स्वतंत्र खटका द्यायचा. मित्र म्हणत, "कागदावर काढलेली सुंदर रेघ विजेला मान्य आहे का, ते आधी विचारावं."

सांधे बदलायला खऱ्या रेल्वेत पूर्वी सांधेवाला असे. टेबलावर त्याचे काम तारेच्या दोन वेटोळ्यांचे यंत्र करते. एका वेटोळ्यात वीज सोडली की सांधा इकडे, दुसऱ्यात सोडली की तिकडे. मात्र वीज क्षणभरच द्यायची. बटण दाबून धरले तर वेटोळे तापून जळते. शिवाय त्या एका क्षणाला त्याला बराच जोर लागतो. म्हणून जाणकार मध्ये कपॅसिटर बसवतात. तो थोडी थोडी वीज साठवतो आणि बटण दाबले की सगळी एकदम देऊन टाकतो. साठा संपला की पुन्हा भरेपर्यंत देणे बंद. त्यामुळे बटण दाबलेले राहिले तरी वेटोळे वाचते. आमच्या शाखेतल्या बायका भिशी लावत, त्याचेच हे विजेतले रूप.

टेबलाखालून संगणकाकडे

टेबलाखालच्या या कामाने पुढे काय घडवले, याची एक गोष्ट मित्राला फार प्रिय होती. अमेरिकेतल्या एमआयटी या प्रख्यात तंत्रसंस्थेत १९४६ साली विद्यार्थ्यांचा एक छोट्या आगगाड्यांचा क्लब निघाला. त्यात दोन तट होते. एकाला गाड्या रंगवायची आणि डोंगर-घरे करायची हौस. दुसरा सदा टेबलाखाली. या दुसऱ्या गटाचे नाव 'सिग्नल्स अँड पॉवर', म्हणजे सिग्नल आणि वीज. त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमधले रिले आणि डायल वापरून गाड्यांच्या नियंत्रणाची अजब यंत्रणा उभी केली. टेलिफोन खात्यात हयात गेलेल्या माणसाला हे ऐकून अभिमान वाटणारच! 'हा खटका चालू असेल आणि तो बंद असेल, तरच ही गाडी सोडा' हा तर्क वायरींत बांधता बांधता त्या मुलांचे पाय संस्थेतल्या नव्या संगणकाकडे वळले. १९६२ च्या 'स्पेसवॉर' या सुरुवातीच्या संगणक-खेळामागे याच क्लबातली मुले होती. 'हॅक' हा शब्दही त्यांच्यात रूढ होता आणि तिथे त्याचा अर्थ चोरी नव्हे, तर हुशारीने केलेली करामत असा होता. स्टीव्हन लेव्ही यांच्या १९८४ सालच्या 'हॅकर्स' या पुस्तकात हा इतिहास आला आहे.

पुढे संगणक उलट पावली टेबलाखाली आला. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनने जर्मनीच्या लेन्झ कंपनीच्या पद्धतीवर आधारलेले डिजिटल नियंत्रणाचे मानक स्वीकारले. त्यात रुळांत पूर्ण वीज सतत खेळती असते आणि विजेबरोबर संदेशही जातात. प्रत्येक इंजिनात एक चिमुकली चिप आणि तिला स्वतःचा क्रमांक. 'क्रमांक तीन, हळू ये' असा संदेश साऱ्या रुळांतून फिरतो, पण ऐकतो फक्त तिसरा. आता दोन गाड्या एकाच विभागात वेगवेगळ्या चालू शकतात. जर्मनीत हँबर्गला २००१ साली सुरू झालेल्या 'मिनिएटुर वुंडरलांड'मध्ये हजारावर गाड्या आहेत आणि त्यांच्यावर संगणकांची नजर असते.

मी हे ऐकले तेव्हा मला आमच्या बँकेतले स्थित्यंतर आठवले. पूर्वी प्रत्येक शाखेचे लेजर वेगळे, खातेदार त्या शाखेचा. कोअर बँकिंग आले आणि खाते क्रमांक सांगितला की कोणत्याही शाखेत काम होऊ लागले. पण म्हणून ताळा जुळवणे सुटले का? नाही. डिजिटल गाडीलाही रुळाचा प्रत्येक तुकडा वायरीने जोडावाच लागतो, वळशातले शॉर्ट सर्किट टळत नाहीच, आणि काट चढलेला रूळ नवी चिपही चालवू शकत नाही.

रजिस्टर

दोन वर्षांपूर्वी मित्र गेले. गेल्या वर्षी त्यांची इमारत पुनर्विकासाला गेली. वहिनींचा फोन आला. "भाऊजी, महिन्याभरात जागा रिकामी करायची आहे. मुलं म्हणतात, ते टेबल भंगारात देऊन टाका. कोण चालवणार? मला हात लावायचं धाडस होत नाही. तुम्ही एकदा येऊन बघाल का?"

मी गेलो. टेबलाखाली दीडशेवर वायरी होत्या. ज्याने त्या जोडल्या, तो माणूस नव्हता. अशा वेळी थोरामोठ्या इंजिनिअरचेही काही चालत नाही. लोक वैतागून सगळे कापून टाकतात. पण टेबलाच्या पायाशी खिळ्याला एक पिशवी टांगलेली होती आणि पिशवीत जाड पुठ्ठ्याचे रजिस्टर. प्रत्येक वायरीला क्रमांक, रंग, कुठून निघाली, कुठे गेली, कोणत्या तारखेला. वायरीच्या दोन्ही टोकांना तोच क्रमांक लिहिलेली चिठ्ठी. बदल केला असेल तिथे जुनी नोंद एका रेघेने खोडून शेजारी सही. फार वर्षांपूर्वी त्यांनी मला विचारले होते, "बँकेत चूक झाली तर खोडता कसं?" मी सांगितले होते, "एकच आडवी रेघ. खालचं वाचता आलं पाहिजे, आणि शेजारी सही." त्यांनी ते ध्यानात ठेवले होते. पहिल्या पानावर फक्त एक ओळ होती: 'हे वाचून कोणालाही गाडी चालवता यावी.'

माझे गुडघे टेबलाखाली जाण्याच्या लायकीचे उरलेले नाहीत. खालच्या मजल्यावरची आठवीतली मुलगी या गाडीची जुनी प्रेक्षक. ती बॅटरी घेऊन खाली शिरली. मी खुर्चीत बसून रजिस्टर वाचू लागलो आणि ती खालून उत्तर देऊ लागली. "सतरा, निळी?" "आहे." "अठरा, पांढरी?" "आहे, काका." आमच्याकडे शाखा तपासणीला ऑडिटर येत, तेव्हा अगदी असेच चाले. एकतीस क्रमांकाशी ती थांबली. "हिचं टोक सुटलंय." फलाट दोनचा विभाग त्यामुळेच मेलेला होता. तिच्या वडिलांनी संध्याकाळी येऊन डाग दिला.

खुंटा फिरवायला आम्ही वहिनींना पुढे केले. त्या नको नको म्हणत होत्या. गाडी निघाली, बोगद्यातून बाहेर आली, फलाट दोनवरून गेली. वहिनी म्हणाल्या, "चाळीस वर्षं हा आवाज मी ओट्याशी उभी राहून ऐकला. गाडी अशी बसून पहिल्यांदाच पाहतेय." मग बराच वेळ कोणी काही बोलले नाही. टेबल मधोमध दोन भागांत सुटणारे होते. कोणती वायर कुठे सोडायची आणि पुन्हा कुठे लावायची, तेही रजिस्टरात होते. आज ते त्या मुलीच्या आजोळी, बदलापूरला आहे. रजिस्टरही तिच्याकडेच आहे आणि त्यात तिच्या अक्षरातल्या नोंदी सुरू झाल्या आहेत.

मुलांना हा छंद लावू पाहणाऱ्यांना त्या टेबलाने शिकवलेल्या चार गोष्टी सांगतो. २३० व्होल्टची वीज टेबलाखाली कधीही नेऊ नका. ती चांगल्या, बंद ट्रान्सफॉर्मरच्या पलीकडेच राहू द्या. छोट्या विजेलाही फ्यूज लावा. बारा व्होल्टचा धक्का बसत नसला तरी शॉर्ट झालेली वायर तापून पेटू शकते. रंग ठरवा आणि पाळा. आणि रोजच्या रोज लिहा.

हे शेवटचे सांगताना माझ्यातला जुना बँकवाला जागा होतो. नवऱ्याच्या माघारी प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन माझ्या टेबलासमोर बसलेल्या कितीतरी बायका मला आठवतात. ठेवी कुठे, लॉकर कुठला, विम्याचा हप्ता कशातून जातो, वारस म्हणून नाव कोणाचे, काही ठाऊक नाही. घर वर्षानुवर्षे उत्तम चाललेले. पण ते ज्या वायरींवर चालत होते, त्यांचे क्रमांक एकाच माणसाच्या डोक्यात. त्या माणसांचे घरावर प्रेम नव्हते, असे कोण म्हणेल? फक्त त्यांनी ते लिहून ठेवले नव्हते. आज रविवार आहे, हाताशी थोडा वेळ आहे. घरातली एखादी कोरी वही काढा आणि पहिली नोंद करा. आणि ती वही कुठे ठेवली आहे, तेही घरात सांगा.